धसका

सातव्या पट्टीवरचे ठोके चुकायला लागले तेव्हा रेवती गालिंदेला आधी वाटलं, काचेलाच तडा गेला असावा.

सोलापूरच्या अन्नतपासणी केंद्रात तिची दुपार एरवी एका लयीत जायची. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शेळ्यांच्या शेडमधून मटणाचे आणि कलेजीचे तुकडे यायचे, डब्यावर नुसता आकडा. माल कुणाचा, कुठला, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही असा नियम होता. रेवती तुकड्याचा अर्क काढायची, बारा काचपट्ट्यांवर एकेक थेंब सोडायची आणि पडद्यासमोर बसायची. प्रत्येक पट्टीवर माणसाच्या हृदयाच्या पेशींचा नखाएवढा थर होता, आणि तो थर आपला आपण धडधडत असायचा.

हे यंत्र अलीकडचं. जनावराचं अंग लवकर भरावं, चरबी कमी आणि मांस जास्त व्हावं म्हणून खाद्यात मिसळायच्या औषधांवर बंदी कधीचीच होती, आणि ती शोधणारी यंत्रंही होती. पण त्या यंत्रांना फक्त ओळखीचे रेणू सापडायचे. औषध बनवणारे हुशार. त्यांनी रेणूच्या शेपटाला एखादा अणू जोडायला सुरुवात केली. काम तेच, वजन वेगळं. यंत्र म्हणायचं, माल स्वच्छ आहे.

मग शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. हे काय आहे असं न विचारता, हे शरीरात गेल्यावर काय करतं, असं विचारायला लागले. ही सगळी औषधं शरीराला खोटा निरोप देतात की धोका आहे, पळ. माणूस घाबरला की रक्तात जे उतरतं, त्याचीच ती नक्कल असते. त्यानं स्नायू फुगतात, चरबी जळते आणि हृदय पळत सुटतं. मग हृदयालाच विचारलेलं काय वाईट? रक्ताच्या चार थेंबांतून पेशी घ्यायच्या आणि त्या वाढवून त्यांच्या हृदयाच्या पेशी करायच्या, हे एव्हाना जमायला लागलं होतं. सगळी माणसं सारखी नसतात, म्हणून बारा जणांच्या बारा पट्ट्या.

सुरुवातीला रक्त द्यायला बाहेरचं कुणी पुढं येईना, तेव्हा केंद्रातल्या माणसांनीच दिलं होतं. सातवी पट्टी रेवतीची होती.

थेंब पडल्यावर बाकीच्या अकरा पट्ट्या नुसत्या वेगानं धडधडायला लागल्या. म्हणजे औषध होतं, नमुना नापास. सातवीही तशीच पळाली. मग तिचे दोन ठोके एकात एक अडकले, मध्ये एक लांब पोकळी आली, पुन्हा तीन-चार ठोके घाईघाईनं पडले, आणि त्यानंतर पडद्यावरची रेषा नुसती थरथरत राहिली. धडधड नाहीच.

"सर, जरा येता का?" तिनं हाक मारली.

केंद्राचे प्रमुख नझीर अत्तार आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "पट्टी खराब झाली असेल. नवीन घे."

तिनं सातव्या पट्टीच्याच पेशींची नवी पट्टी काढली. थेंब टाकला. पुन्हा तेच झालं.

अत्तार सरांनी पट्टी जवळ ओढली. कपाटातून त्यांनी एक बाटली काढली. हृदयाला मिळालेला असा निरोप अडवणारं, रक्तदाबासाठी वापरतात ते जुनं औषध होतं ते. त्याचा एक थेंब पट्टीवर सोडला. थरथर हळूहळू विरली. मग एक ठोका. मग दुसरा. संथ, पण सरळ.

"रेवती," ते म्हणाले, "तुझ्या घरात कुणी अचानक गेलंय का?"

तिचे वडील, आप्पा, मोहोळच्या बाजारातच वारले होते. शेजारी ट्रकचं टायर फुटलं आणि चाळिशीतला तो धडधाकट माणूस जागेवर कोसळला. आत्याच्या मुलाला अपघात झाल्याचा फोन आला. मुलगा वाचला, आत्या गेली. गालिंद्यांच्या घरात माणसं धसक्यानं जातात, असं नातेवाइकांत बोललं जायचं. मृत्यूचं ते कारण आजवर कुणी डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

आणि काल रविवार होता. काल रेवतीनं मटण खाल्लं होतं.

तिचा हात आपोआप छातीवर गेला. आतले ठोके तिला एकदम ऐकू यायला लागले. हा जरा लवकर आला का? मधे काही राहून गेलं का? आणि मग लक्षात आलं की हीच ती गोष्ट, जी करायची नाही. घाबरायचं नाही. घाबरली तर शरीर स्वतःच दुसरा थेंब सोडणार.

अत्तार सरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि शहरातल्या हृदयविकाराच्या डॉक्टर सोहनींना फोन लावला. डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. "ताई, तुम्हाला दमा आहे का? नाही ना? मग अत्तारांकडच्या त्या रक्तदाबाच्या औषधाची गोळी आत्ता घ्या आणि इकडे या. पळू नका, जिना चढू नका, कुणाशी भांडू नका. औषध अंगातून जायला दिवस लागतील. आणि मुख्य म्हणजे, घाबरू नका."

गोळी गिळताना रेवतीला त्यातही हसू आलं. ते ओठांवर येईपर्यंतच विरलं, कारण समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली होती.

दोन तपासण्या सारख्या आल्या की आकड्याचं कुलूप आपोआप उघडायचं, मालकाचं नाव दिसायचं, आणि त्याच क्षणी भरारी पथकाला निरोप जायचा. मध्ये कुणाला हात घालता येऊ नये म्हणूनच तशी रचना होती.

पडद्यावर नाव होतं, रणजित आप्पासाहेब गालिंदे.

तिचा धाकटा भाऊ. दर रविवारी गड्याबरोबर डबा पाठवणारा. "बाजारातलं खाऊ नकोस ताई, त्यात काय काय घालतात. आपल्या शेडमधलं खा," म्हणणारा. त्याच आप्पांचं रक्त अंगात असलेला. आणि कलेजीशिवाय ज्याचं जेवण होत नाही असा. असलं औषध सगळ्यांत जास्त साठतं ते कलेजीतच.

"पथक आत्ता शहराच्या पलीकडे एका धाडीवर आहे," अत्तार सर हळू म्हणाले. "तिथून निघालं की थेट मोहोळ. मला ते थांबवता येत नाही. आणि मालकाला आधी कळवलं, तर तो गुन्हा आहे."

रेवतीच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. माळावरचं शेड, भोंगे वाजवत आलेल्या गाड्या, फाटकावर पोलीस आणि मधोमध रणजित. तापट, मोठ्या आवाजाचा, लगेच अंगावर धावून जाणारा. त्याला तिथं अटक करायची गरजच पडली नसती.

"मी मालकाला काही कळवणार नाही सर," ती म्हणाली. "भावाला फक्त तिथून घेऊन येते."

"तुला जायचं नाहीये. ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाल्या?"

"दुसरं कुणी गेलं तर तो भांडेल. पल्लवी, त्याची बायको, तिला सांगितलं तर ती किंचाळत शेडवर जाईल. फोनवर काय सांगू? तुझं हृदय बंद पडू शकतं, पण घाबरू नकोस?"

रणजितला गोळी द्यायची सोय नव्हती. त्याला लहानपणापासून दमा, आणि दम्याच्या माणसाला ती गोळी दिली तर त्याचा श्वासच कोंडायचा. त्याला सरळ दवाखान्यात नेणं एवढा एकच मार्ग होता. तेही तो शांत असताना.

केंद्राची गाडी स्वतः चालणारी होती. रेवती मागे टेकून बसली. बाहेर उन्हात तूर उभी होती, रस्त्याकडेला कुणीतरी पेरू मांडून बसलं होतं, सगळं इतकं नेहमीचं की तिला त्याचीच भीती वाटायला लागली. एखादं कुत्रं आडवं आलं आणि गाडीनं करकचून ब्रेक मारला तर? मोबाइल अचानक वाजला तर? तिनं आवाज बंद केला. शाळेतल्या बाईंनी शिकवल्यासारखा श्वास आत घेतला, सोडला. आपण भिऊ, या एका गोष्टीची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

रणजित शेडच्या दारातच भेटला. "आगं ताई! फोन तरी करायचा. पल्लवी, चहा टाक गं, ताई आलीय!"

शेड मोठं, स्वच्छ. गव्हाणीला ओळीनं बोकड उभे होते, जाड मानेचे, ताठ पाठीचे, कातडीखाली चरबीचा मागमूस नाही. रणजितनं फाटक ओढून घेतलं. लोखंडाचा आवाज झाला आणि सगळी ओळ एका वेळी दचकली. एकही ओरडला नाही. नुसते थरथरत राहिले.

कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी झाकलं होतं.

"दोन गेले सकाळी," रणजित म्हणाला. "वरातीचे फटाके वाजले तिकडं, हे इथं पडले. हल्ली असेच मरतात. लईच घाबरट जात निघाली ही."

रेवतीनं पोत्याकडे पाहिलं नाही. तिनं भावाच्या हाताकडे पाहिलं. पल्लवीनं आणून दिलेला चहाचा कप बशीत वाजत होता.

"हात का थरथरतोय रे?"

"चहा जास्त होतोय. अन् झोप नीट लागंना." तो हसला. "तू कशी अशी मधल्या वारी?"

आता. तिनं आवाज शक्य तितका सपाट ठेवला. "रणजित, मला छातीत कसंतरी होतंय. डॉक्टर सोहनी बोलावतायत. एकटीला जावंसं वाटेना, म्हणून तुला न्यायला आले. काळजीचं काही नाही. तू नुसता सोबत चल."

त्याचा चेहरा बदलला, आणि त्या बदलाकडे बघताना तिचाच श्वास अडकला. पण तो फक्त गंभीर झाला. कप खाली ठेवून म्हणाला, "चल. पल्लवी, मी ताईबरोबर जाऊन येतो." चप्पल घालताना त्यानं तिचा दंड धरला, आजारी माणसाचा धरतात तसा.

गाडीत त्यानं तिचा हात सोडला नाही. मनगटावर बोट ठेवून तो नाडी बघत होता, आप्पा जनावराची बघायचे तशी. "जरा पळतीय, पण ठीक आहे. तू नको घाबरू. मी आहे ना."

"फोन बंद ठेवतोस? आवाज नको वाटतोय."

त्यानं लगेच बंद केला. इतक्या सहज विश्वास ठेवला, की रेवतीला खिडकीबाहेर बघावं लागलं. ती खोटं बोलत नव्हती, पण खरंही सांगत नव्हती. मोहोळ मागे पडलं. अजून थोडं, असं ती मनात म्हणत होती. रणजित लहानपणीचं काहीतरी सांगत होता. ती पाण्याच्या टाकीत पडली होती आणि यानं आरडाओरडा करून गल्ली गोळा केली होती.

समोरून भोंगा ऐकू आला.

आधी लांबून, मग वाढत वाढत. दोन पांढऱ्या गाड्या. दुभाजकाच्या पलीकडून त्या जवळ आल्या आणि पहिल्या गाडीच्या कपाळावरची अक्षरं वाचता आली. अन्नसुरक्षा भरारी पथक.

रणजितनं मान वळवून गाड्या पाहिल्या. मग तिच्याकडे पाहिलं. "कुणाकडं चाललेत गं हे?"

तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिची नजर त्या गाड्यांमागे वळली.

"ताई?" तिच्या मनगटावरचं बोट निसटलं. "माझ्याकडं? तू मला हितं घेऊन आलीस, अन् तिकडं..." त्याचा आवाज चढला. मानेवरची शीर टरारली. "तू मला..."

वाक्य तिथंच संपलं. डोळे उघडेच होते, पण त्यांत रणजित नव्हता. तो तिच्या खांद्यावर कलंडला.

"गाडी थांबव!" रेवती ओरडली.

तिनं त्याला ओढून रस्त्याच्या कडेला उताणं निजवलं. इतकं वजन आपल्याला कसं पेललं, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून ती दाबायला लागली. जोरात, अजून जोरात. धाप लागली, आणि धापेबरोबर तिच्या स्वतःच्या छातीत काहीतरी अडखळलं. एक पोकळी. पुन्हा ठोका. डोळ्यांपुढे सातवी पट्टी आली, ती थरथरणारी रेषा. थांब, असं अंगातला कण न् कण सांगत होता. थांब, नाहीतर तूही याच्या शेजारी पडशील. ती भीतीनं रडत होती आणि दाबत होती.

पथकाची मागची गाडी थांबली होती. त्यातल्या हवालदार बाई दुभाजक ओलांडून, बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारी पिवळी पेटी घेऊन धावत आल्या. "सरका ताई, हात काढा!" त्यांनी रणजितचा सदरा फाडला, पट्ट्या चिकटवल्या. पेटीतला आवाज म्हणाला, रुग्णापासून दूर व्हा. रणजितचं अंग एकदा उडालं.

मग तो खोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेवर पडून होता, छातीवर तारा, डोक्याशी ठोक्यांचा पडदा. दम्याला चालेल असं वेगळं औषध डॉक्टर सोहनींनी सुरू केलं होतं. पुण्यात शिकणारी त्याची मुलगी इकडे यायला गाडीत बसली होती. तिचंही रक्त तपासायचं होतं. रेवतीच्या छातीवरही तारा होत्या. तिला पलीकडची खाट दिली होती, पण ती त्याच्याजवळ खुर्चीत येऊन बसली.

त्यानं मान तिच्याकडे वळवली. "शेड?"

"सील केलंय. जनावरांना धक्का लावणार नाहीत. औषध अंगातून जाईपर्यंत सांभाळतील."

"मला ठाऊक होतं गं," तो म्हणाला. "पिशवीवर काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा ठाऊकच असतं की. पण कोण देतं ते सांगतो मी. लई शेडांत जाते ती पावडर."

"सांग. पण आत्ता नको."

तेवढ्यात अत्तार सरांचा फोन आला. पावडर एका जिल्ह्यापुरती नव्हती, सगळ्या राज्यात पसरली होती. गालिंद्यांसारखी हृदयं हजारात एखाद्याची असतील, पण कोण ते कुणालाच माहीत नाही. त्या लोकांनाही नाही. वरून ठरलं होतं की सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी इशारा द्यायचा. भोंग्यासकट, झोपलेला माणूस उठून बसेल असा.

"सर, नको!" रेवती म्हणाली, आणि तिच्याच आवाजानं रणजितच्या पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा हलला तशी ती हळू झाली. "ज्यांना वाचवायचंय तेच त्या भोंग्यानं मरतील."

अत्तार सर म्हणाले, "पण न सांगूनही चालणार नाही, रेवती. उद्या बुधवार. लोक मटण आणायला निघतील."

"मग भोंगा नको. माणसाच्या आवाजात सांगा. हळू."

थोड्या वेळानं त्यांचा पुन्हा फोन आला. वरचे तयार झाले होते. मजकूर पाठवला होता, आणि आवाज तिचाच हवा होता. ती स्वतः त्यातून गेलेली, म्हणून.

डॉक्टर सोहनींना विचारून रेवतीनं तो मजकूर रणजितला वाचून दाखवला. डोळे मात्र पडद्यावर.

"सावधान. प्राणघातक औषधाचे अंश असलेलं मटण..."

आकडा उडाला.

"काढ ते," रणजित म्हणाला.

तिनं खोडलं. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये..."

आकडा आणखी वर गेला. रणजितनं डोळे मिटले. "हे ऐकलं की माणूस पहिला घाबरतो. तू काल 'काळजीचं काही नाही' म्हणालीस ना? मला तिथंच कळलं, काहीतरी बिघडलंय." त्यानं डोळे उघडले. "करडू बुजलं की मी काय करतो, बघितलंयस? बोलत नाही, हात लावत नाही. नुसता त्याच्याजवळ जाऊन बसतो. तू आधी त्यांना बसायला सांग."

तिनं लिहिलं, वाचलं. रेषा सरळ राहिली. दोघांनी मिळून एकेक वाक्य असं तपासलं. 'मृत्यू' गेला, 'विष' गेलं, 'ताबडतोब' गेलं. 'हृदय' या शब्दाला आकडा थोडा हलायचा, पण तो काढता येईना. त्याच्या आधी 'आपलं' घातलं, तेव्हा चाललं.

डॉक्टरांच्या खोलीत बसून रेवतीनं ते मोबाइलवर बोलून पाठवलं. परत आली तेव्हा निरोप सुटला होता. वॉर्डमध्ये, जिन्यात, खाली केसपेपरच्या रांगेत, एकेक मोबाइल तिच्याच आवाजात बोलत होता.

"नमस्कार. मी रेवती. जिथं असाल तिथं जरा बसून घ्या. बसलात? आता सावकाश ऐका..."

झाडू मारणाऱ्या मावशी पायरीवर टेकल्या. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघत खाली बसली. खिडकीतून रस्ता दिसत होता; एक रिक्षावाला रिक्षा कडेला घेऊन मान तिरकी करून ऐकत होता.

रणजितनं तिचा हात धरला होता. त्याच्या डोक्याशी ठोके एका लयीत चालले होते. रेवती त्या ठोक्यांपलीकडे, आपल्याच आवाजापलीकडे, जीव कानात आणून ऐकत उभी होती. कुठं कुणी कोसळल्याचा आवाज येतोय का, तेवढंच.